जिऱ्याची चार मिनिटं

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २० ऑगस्ट २०२३

तीर्थस्वरूप द्वारकामावशी यांस,

मीनाक्षीचा नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात, मका तग धरून आहे का, नातीची बारावी कशी चाललीय, ते कळवा. पाऊस आमच्यावर तर रुसलाच आहे, पिशोरवर तरी प्रसन्न झाला का?

चारदा फोन केला. तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तुम्हीच म्हणायच्या ना, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागदावरचं दोनदा वाचता येतं म्हणून. तुम्हाला अक्षरं मीच शिकवली, जेवणाच्या सुट्टीत, आपल्या कारखान्याच्या येसर-आमटीच्या मसाल्याचं रिकामं पाकीट पुढ्यात घेऊन. तुम्ही पहिल्यांदा वाचलेला अख्खा शब्द ‘निव्वळ’ होता. निव्वळ वजन शंभर ग्रॅम. तेव्हा आता डोळ्यांची सबब चालणार नाही, सगळं वाचायचं.

उद्या नागपंचमी, म्हणजे आपली भट्टी बंद. भाजायचं नाही, चिरायचं नाही हा नियम अजून पाळतो. मुंबईच्या गुंतवणूकदारांनी मागं एकदा विचारलं होतं, एका दिवसाचं उत्पादन असं सोडून कसं देता? आपले मधुसूदनराव शांतपणे म्हणाले, "नाग चावला तर तो खर्च कोणत्या खात्यात टाकू ते सांगा." मालक असावा तर असा. पण हेच मधुसूदनराव हल्ली हसत नाहीत, त्याचं कारण सांगते.

तुम्ही भट्टीवरून निवृत्त होऊन घरी गेलात तेव्हा या मुंबईकरांनी नुकताच कंपनीत हिस्सा घेतला होता. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी आमची परीक्षा असते. त्याला तिमाही म्हणतात. विक्री किती, खर्च किती, नफा किती, हे त्यांच्यापुढं मांडायचं. मांडायचं काम माझं. एप्रिल ते जून या तिमाहीत नफा सव्वा कोटीवरून चौतीस लाखांवर आला. विक्री तेवढीच, माणसं तेवढीच, पाकीट तेवढंच. खाल्लं कुणी? जिऱ्यानं! गेल्या वर्षी अडीचशे रुपये किलोनं घेतलेलं जिरं यंदा साडेपाचशेच्या पुढं गेलं. हळदही त्याच वाटेवर आहे. आलं-लसूण पेस्टचं तर विचारूच नका. तुमच्या लेकाला आल्याचा भाव मिळाला म्हणून पिशोरात पेढे वाटले असतील, पण त्या पेढ्यांचे पैसे आमच्या नफ्यातून गेलेत बरं का. एकाची दिवाळी ती दुसऱ्याचं दिवाळं, ते हे असं.

मला खरंच आश्चर्य वाटतं, मावशी. गुजरातेत उंझा म्हणून गाव आहे, जिऱ्याची मोठी पेठ. मी ते पाहिलेलं नाही, तुम्हीही नाही. तिकडं मार्चात अवेळी पाऊस पडतो, एक व्यापारी दुसऱ्याला भाव सांगतो, आणि त्याचा धक्का चितेगावात आपल्या भट्टीपाशी येऊन बसतो. वीस वर्षं हिशेब करतेय, तरी या गोष्टीपुढं मी अजून आ वासून उभी राहते.

पाकिटाची किंमत वाढवता येत नाही. दोन रुपये वाढवले की गिऱ्हाईक शेजारचं पाकीट उचलतं. म्हणून एक जुलैपासून आम्ही जिरं थोडं कमी केलंय. थोडं म्हणजे शंभर ग्रॅममागं आठ ग्रॅम होतं, ते सहा केलं. हा हिशेब माझा. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर, चिमणीच्या चोचीत मावेल एवढं. पण तिमाहीला तीस लाख पाकिटं! सहा हजार किलो जिरं वाचतं, तेहतीस लाख रुपये. ती बेरीज आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि नुसती बघत राहिले.

आणि गंमत म्हणजे एकही तक्रार नाही. कुणाला कळलंसुद्धा नाही.

आणखी एक. वरून एक प्रस्ताव आलाय. बाजरी, गहू, डाळ आपण मशिनवर भाजतो, तसं जिरंही मशिनवर भाजावं, असा. तसं झालं तर कढयांवर हातानं जिरं भाजायची हातभट्टी बंद होईल. तिथल्या साळूबाई आणि त्यांच्या दहा जणी, त्यांतल्या चौघी पॅकिंगला जातील, बाकी सात जणींचं काही सांगता येत नाही. सात नोव्हेंबरच्या बैठकीत ठरणार आहे. तुमच्या कानावर दुसरीकडून यायच्या आधी माझ्याकडून यावं, म्हणून लिहिलं. फोन उचला ना.

तुमची,
मीनाक्षी


छत्रपती संभाजीनगर,
रविवार, १५ ऑक्टोबर २०२३

तीर्थस्वरूप द्वारकामावशी यांस,

नमस्कार. आज घट बसले. आईनं पत्रावळीत माती घालून धान्य पेरलंय आणि मला त्याच्याजवळ फिरकू देत नाही. म्हणते, तू बघितलंस की किती दाणे उगवले ते मोजत बसशील. घरात ही माझी कीर्ती.

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. रागावलात हे कळलं. तरी हे दुसरं लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मी जे पाहिलं, म्हणजे खरं तर जे ऐकलं, ते तुमच्याखेरीज कुणाला सांगू?

सप्टेंबरात मशीन विकणाऱ्यांच्या कारखान्यात थोडं जिरं भाजून आणलं. नमुना म्हणून. त्याचं येसर करून पाचशे खोकी शहागंजच्या बाजारात पाठवली. आठ दिवसांत बद्रीनाथ शेठनी मला दुकानात बोलावून घेतलं. तुम्ही त्यांना ओळखता, आपला माल त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घेतात.

"ताई, हे घ्या परत," ते म्हणाले. "याला वासच नाय. गिऱ्हाईक पाकीट फोडून माझ्या तोंडावर आणायलंय. म्हणतंय, नुसतं पीठ इकायला लागले का?"

मी म्हटलं, "शेठ, जिरं जुलैपासून एवढंच आहे. आधी तक्रार आली नाही, मग आताच कशी?"

"ते मला नका सांगू. हे बघा तुमचं जुलैचं, आन् हे बघा आत्ताचं." त्यांनी दोन पाकिटं फोडून माझ्या नाकापुढं धरली.

मावशी, मला वासातलं काय कळतं? घरी आमटी करपली तरी मला दुसऱ्यांनी सांगावं लागतं. पण तिथं मलाही कळलं. दोन्हींत जिरं सहा ग्रॅम, भाव तोच, पोतं तेच. एकाच्या वासानं लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याला खरंच काही वास नव्हता. आकडा सारखा असून फरक आला कुठून? अशी कोंडी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झाली.

दुसऱ्या दिवशी भट्टीत गेले. इतकी वर्षं मी काचेबाहेरून बघत आले, आत कधी बसले नव्हते. साळूबाईंना विचारलं, "जुलैपासून तुम्ही काय बदललंत?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "सांगून नाय कळायचं. बसा इथं. तोंड भिताडाकडं करा, डोळे मिटा. आन् ताई, बोलू नका."

मी बसले. मागं अकरा कढया. अकरा उलथनी चालू होती, बायकांच्या गप्पा चालू होत्या, कुणाच्या तरी सुनेचा उद्धार चालला होता. मग साळूबाई म्हणाल्या, "हां." गॅस बंद झाले. उलथनी बाजूला ठेवल्याचे आवाज आले. सून तिथल्या तिथं सुटली. आणि सगळं गप्प.

आधी मला काहीच ऐकू येईना. मग वाळूवरून मुंगी चालावी इतका बारीक आवाज आला. मग तो वाढला, तडतड म्हणावी एवढाही नाही. जाड लोखंडी कढईच्या उरलेल्या धगीवर जिरं आपलं आपण भाजत होतं आणि अकरा बायका ते ऐकत होत्या. प्रत्येकीला आपापल्या कढईचा आवाज वेगळा कळतो, जसं पाळणाघरात आईला आपल्याच लेकराचं रडणं कळतं. आवाज थकू लागला की एकेक जण उठे. कुणी आधी, कुणी दोन श्वासांनंतर. घड्याळाकडं एकीनंही पाहिलं नाही.

"ते गप व्हायच्या आत उतरवायचं," साळूबाई नंतर म्हणाल्या. "गप झालं की गेलं समजा."

मग त्यांनी जुलैची हकीकत सांगितली. घाणा एक किलो सहाशेचा होता, तो माझ्या हिशेबानं एक किलो दोनशेचा झाला. थर पातळ झाला, पण कढईची धग तीच. पहिल्याच दिवशी तीन घाणे जळाले. पुढचं तुम्हाला मी काय सांगायचं? पण मला सांगू द्या, कारण मी ते पहिल्यांदाच ऐकलं. साळूबाईंनी तुम्हाला पिशोरला फोन लावला आणि मोबाईल कढईशी धरला.

"आन् द्वारकाबाई तिकडून म्हणायल्या," साळूबाई सांगत होत्या, "अजून नाय. अजून नाय. घाई करू नगं. हां, आता उतरीव! चार दिस असंच केलं. मंग म्हणल्या, ताटात पसरून पंख्याखाली नगं ठिऊ, वास पंखा खातोय. तसंच गरम बाजरीवर वत आन् वरून फडकं टाक."

सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून, मावशी! ओसरीत बसून, गुडघ्याला तेल लावत असाल, कानाशी मोबाईल, आणि चितेगावातल्या कढईत जिरं कुठवर आलं ते तुम्हाला कळत होतं. मी लहानपणापासून चमत्कारांच्या गोष्टी ऐकल्या, पोथ्या वाचल्या. आपल्या माणसांच्या हातून घडलेला हा पहिला.

दोन ग्रॅम मी काढले आणि ते तुम्ही सगळ्यांनी परत घातले, जिऱ्याशिवाय. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं की कुणाला कळलंसुद्धा नाही. ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

आता जे लिहायला नको वाटतंय ते लिहिते. प्रस्ताव वरून आला, असं मी कळवलं होतं. वरून आला नाही. तो माझ्या टेबलावरून वर गेला. एप्रिलमध्ये मी भट्टीतल्या कामाची वेळ मोजली. प्रत्येक घाण्याला चार मिनिटं अकराही जणी हात मांडीवर ठेवून बसलेल्या दिसल्या. दिवसाला अठरा घाणे. मी गुणाकार केला: रोज तेरा तास बारा मिनिटं. त्यापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘रिकामा वेळ’. मशीन आणायचं सगळ्यांत मोठं कारण म्हणून ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आहे. खाली माझी सही आहे.

येसरात जो जीव आहे, तो त्या चार मिनिटांत येतो. आणि तेवढीच मी रिकामी ठरवली.

सात तारखेला अजून तीन आठवडे आहेत. सही मागं घेतली तर मुंबईकर विचारतील की तुमचा कुठला आकडा खरा धरायचा. वित्तप्रमुखाची जागा जानेवारीत रिकामी होतेय आणि ती मला मिळेल असं सगळे धरून आहेत, मीसुद्धा. भीती वाटते. तुम्हाला खोटं सांगून आता पोट भरलंय, म्हणून खरं लिहिलं.

तुमची,
मीनाक्षी


छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, ८ नोव्हेंबर २०२३

तीर्थस्वरूप द्वारकामावशी यांस,

साष्टांग नमस्कार. उद्या वसुबारस. घरात चकलीची भाजणी दळून आलीय आणि मी रजा टाकून सकाळपासून हे पत्र लिहायला बसलेय.

काल बैठक झाली. भट्टी राहिली, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही जिवाला घोर न लावता वाचाल. अकराही जणी राहिल्या. मशीन यंदा नाही.

झालं असं. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा नफा चौतीस लाखांवरून एकाहत्तर लाखांवर गेला होता. मुंबईच्या गुंतवणूकदारांकडून आलेल्या बाईंनी सुरुवातीलाच माझं कौतुक केलं. जिरं महाग होऊनही चव न बिघडवता खर्च कसा आवरावा, हे या कंपनीकडून शिकावं म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, हे कौतुक चुकीच्या पत्त्यावर आलंय. माझी सही असलेला प्रस्ताव मी मागं घेते, कारण त्यातलं पहिलंच पान चूक आहे.

"मग त्या चार मिनिटांत बायका करतात काय?" त्यांनी विचारलं.

"ऐकतात," मी म्हटलं.

कोपऱ्यात कुणी तरी हसलं. मी पर्समधून दोन पाकिटं काढली, एक हातभट्टीचं, एक मशीनचं, आणि टेबलावर फोडली. पाकिटं हातोहात फिरली. दुसरं पाकीट हुंगल्यावर जो तो पहिलं परत मागत होता. दहा मिनिटांनी मशीनचा विषय कुणी काढेना. पण मधुसूदनरावांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "मीनाक्षीताई, मग तुमचे बाकीचे आकडे आम्ही कशाच्या भरवशावर वाचायचे?" वित्तप्रमुख म्हणून मुंबईहून माणूस येणार आहे. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. घरी येऊन रडले. मग आईनं केलेला भात खाल्ला आणि झोपले.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी तीनदा कागद पुढं ओढला आणि दोनदा भलतंच लिहिलं.

एप्रिलमध्ये तुम्ही नातवाच्या जावळाचं आवतण घेऊन भट्टीत आला होतात. मी काचेबाहेर स्टुलावर बसलेली, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. तुम्ही विचारलंत, "काय मोजायलीस गं?" आणि मी म्हटलं, "काही नाही मावशी, दिवाळीच्या बोनसचं बघतेय. काम चांगलं दिसलं की जास्त मिळेल." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, घड्याळाकडं पाहिलंत, आणि चहा न घेता गेलात. त्यानंतर तुम्ही माझा फोन उचलला नाहीत. गुडघे, पाऊस, मका, सगळं विचारलं मी पत्रांत, हेच तेवढं गाळलं. ज्या बाईला मी अक्षरं शिकवली आणि जिनं मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या डब्यातली भाकर खाऊ घातली, तिच्याशी मी तोंडावर खोटं बोलले.

मला आणखी एक खात होतं. माझं बोनसचं बोलणं बायकांच्या कानावर गेलं असणार, आणि बाई बघतेय म्हणून त्या माझ्यासमोर जास्तच शहाण्यासारख्या गप्प बसल्या असणार, असं मला वाटायचं. म्हणजे मी त्यांना फसवून त्यांच्याच हातानं त्यांच्याविरुद्ध पुरावा गोळा केला. काल बैठक संपल्यावर तडक भट्टीत गेले आणि अकरा जणींसमोर हे सगळं सांगून टाकलं. मान वर करवत नव्हती.

साळूबाई म्हणाल्या, "आमाला ठावं व्हतं की."

"काय ठाऊक होतं?"

"बोनस-बिनस काय नाय ते. द्वारकाबाई त्याच दिशी जाताजाता सांगून गेल्या. म्हणल्या, पोरगी घड्याळ घिऊन बसलीय, रिकाम्या हाताची मिनिटं मोजायलीय. ती हाय तवर हात हालते ठिवा. उलथनं फिरवा, कायबी करा, पर बसू नगा."

मी तीन दिवस मोजत होते. तीन दिवसांत चोपन्न घाणे. एकीचाही हात हललेला मी पाहिला नव्हता.

"मग हलवले का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "नुसतं उलथनं कढईवर वाजवलं असतंत, तरी माझ्या कागदावर काम दिसलं असतं! हा प्रस्तावच झाला नसता!"

साळूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जसं अगदी साधी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडं बघतात.

"उलथनं वाजवल्यावर ऐकू कसं यावं, ताई? जिरं जळालं असतं ना."

मावशी, तुम्ही सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही. हे तुम्हाला कुणी कळवलं नसणार, म्हणून कळवतेय. घड्याळ कशासाठी आहे ते त्यांना माहीत होतं. त्यातल्या सात जणींची भाकरी त्यावर होती. तरी दर घाण्याला गॅस बंद झाला की अकराही जणी हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसल्या, आणि मी लिहीत गेले.

उंझ्याचा भाव मला समजतो. तिमाही मला समजते. यापुढं मात्र मी हात जोडते. इतकी मोठी माणसं माझ्या काचेपलीकडं वीस वर्षं बसली होती आणि मी त्यांना मिनिटांत मोजत होते. माफी कशी मागायची हे मला सुचत नाही, तुम्हाला सुचलं तर सांगा.

‘लोभ असावा’ असं पत्राच्या शेवटी लिहायची आमच्या घरात रीत आहे. आजवर शेकडो पत्रांत सवयीनं लिहिलं. तुम्हाला आधीच्या दोन पत्रांत लिहायचं धाडस झालं नव्हतं. आज मागते आहे.

लोभ असावा.

मीनाक्षी